रखमाकाकीचा तापलेला पत्रा

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथल्या अकरा घरांचे पापड मी बुरसवले. मुद्दाम नाही, पण बुरसवले मीच.

महाडच्या कॉलेजातल्या माझ्या संशोधनासाठी एप्रिल-मेभर मी वाडीतली दोन घरं धरली होती. बनुआत्याच्या पत्र्यावर पांढरा कागद डकवला. तो ऊन परतवतो आणि पत्र्यातली ऊब वर आभाळात सोडून देतो. वीज लागत नाही. शेजारच्या रखमाकाकीचा पत्रा तुलनेसाठी उघडा ठेवला. दोन्ही घरांत एकेक तापमापक. आत्याचे यजमान कुशाबामामा खुबा मोडून खाटेवर होते. आधी दुपारी त्यांना चौघांनी उचलून आंब्याखाली न्यावं लागे. कागद लागला आणि ते घरातच घोरू लागले. मी खूश होते.

पण आत्याचा पत्रा म्हणजे सगळ्या वाडीची वाळवणाची जागा. हे मला, इथेच वाढलेलीला, आठवलंच नाही! बायकांनी स्वच्छ पांढऱ्या कागदावर तांदळाचे पापड घातले. थंड कागदावर ते वाळेनात, म्हणून रात्रीही वरच ठेवले, तर दंव धरलं. चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. मी महाडच्या एसटीतून उतरून वर पोचले तेव्हा बायका शिडी लावून कागद उपटायलाच निघाल्या होत्या.

"काढा तो कागूद!" तुळजाबाई ओरडली.

आतून कुशाबामामांचा आवाज आला, "मला परत झाडाखाली टाकनार असाल तर आदी मला इचारा!"

शिडी थांबली. तुळजाबाई म्हणाली, "बरं. मग रखमाच्या पत्र्यावर घालतो. तो तर तापतोय."

"तिथेही नको," मी म्हटलं. "तो झाकला तर तुलनाच राहणार नाही."

"म्हंजे दोनी पत्रे तुजे? आनि आमी पापड काय डोक्यावर वाळवू?"

चूक माझी होती, आणि दोन महिन्यांचं काम मी सोडणार नव्हते. मी म्हटलं, "वरच्या कातळावर घाला. पीठ पुन्हा मी दळून आणते. कावळे, शेळ्या मी राखते."

"तू? उन्हात?" बायका हसल्या. मला राग आला, आणि रागाने माणूस बराच टिकतो. पुढचे आठ दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत छत्री आणि काठी घेऊन त्या कातळावर बसले. गारव्याचा अभ्यास करणारी बाई तव्यावर बसलीय, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. नाक सोललं. एक शेळी आठ पापड खाऊन गेली, ते सोडलं तर सगळे कडकडीत वाळले.

नवव्या दिवशी पापड उचलताना रखमाकाकी पाणी घेऊन वर आली. तांब्या दिला आणि बसली.

"काय गो अक्षदा, माज्या पत्र्यावर कवा लावतेस कागूद?"

मी तांब्या रिकामा करून खाली ठेवला. "मे संपल्यावर, काकी. तोवर तुझा उघडाच लागेल."

"माज्या सुनंचं, समीक्षाचं पोरगं घामोळ्यांनी रात-दीस रडतंय. बनूचं घर गार झालं, हे कळायला माजं तापायला हवं?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलले असते तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काकीने खाली दोन घरांकडे बघितलं. तिच्या पत्र्यावर डोळे ठरत नव्हते.

"पोरगं दुपारचं बनूकडं झोपंल," ती म्हणाली. "पत्रा मे संपंपर्यंत उगडा ठेवीन, कुनालाच हात लावू देनार नाय. पन तू लिवताना बनूचं घर आदी लिवू नको. ती निजली. तापलो आमी."

मी वही काढली. तिच्या घराच्या नोंदींवर मी 'तुलनेचं घर' एवढंच लिहून ठेवलं होतं. ते खोडून पहिल्या ओळीत 'रखमाकाकीचं घर' लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.