पेलच्या नावापुढची रेघ

“पुस्तक कधी मिळणार?” कारभारी क्रॅडक यांनी हातमोजे न काढताच विचारलं.

“गुरुवारी, साहेब.” छापखान्यातल्या एनॉक थर्लबीनं अक्षरांच्या खिळ्यांच्या खणातून हात बाहेर काढला.

“सावकाश होऊ द्या. लॉर्डसाहेबांना कधीच घाई नसते.” क्रॅडक हसले. ते नेहमीच हसत बोलत. त्यांचा आवाज चढलेला थॉर्नबी गावात कुणीच ऐकला नव्हता, आणि गावाला धास्ती होती ती त्याचीच. “आमच्या कारकुनानं टिपलेल्या मतांच्या यादीत दोन भाडेकरूंपुढं कोरं राहिलंय. पेल आणि होबी. पिवळ्यांनी ऐन वेळी ढोल बडवले, बिचाऱ्याला काही ऐकूच आलं नाही. तुमच्या पुस्तकात मात्र सगळं येईलच.”

ते गेले तरी एनॉक बराच वेळ दाराकडं बघत राहिला.

थॉर्नबीत मत द्यायचं म्हणजे चौकातल्या लाकडी मंचावर चढायचं, आपलं नाव सांगायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याचं नाव साऱ्या गावादेखत मोठ्यानं उच्चारायचं. सरकारी लेखनिक ते टिपून घेई. पुढं त्याचं पुस्तक छापून निघे: डावीकडं मतदाराचं नाव, उजवीकडं दोन रकाने, एक निळ्या टोरींचा, दुसरा पिवळ्या लिबरलांचा. ज्याला मत दिलं त्याच्या रकान्यात एक आडवी रेघ. कुणी कुणाचं मीठ खाल्लं आणि कोण कुणाला जागलं, हे कुणालाही विकत घेऊन वाचता यायचं.

सुधारणेचा कायदा होऊन पाच वर्षं झाली होती. वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्याला त्यानं मताचा हक्क दिला. पण घर लॉर्डसाहेबांचंच राहिलं, आणि लॉर्डसाहेब निळे. झाली सुधारणा! एनॉक तर दोन खोल्यांत राहणारा, त्याला तेवढाही नव्हता. तीस वर्षं तो इतरांची नावं उलट्या खिळ्यांनी जुळवत आला होता. त्याचं स्वतःचं नाव कधी कुठं छापून आलं नाही, आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे.

जोसाया पेल हा एनॉकचा मेहुणा, थोरल्या बहिणीचा, डोर्कसचा नवरा. पुलाजवळच्या गल्लीत त्याची पावभट्टी होती. लेखनिकाच्या वहीत पेलचं मत एनॉकनं वाचलं होतं. पिवळं.

दुपारी तो भट्टीवर गेला.

“दाजी, हे काय करून बसलात?”

“काय केलं? मत दिलं.” जोसाया कणीक मळत होता.

“निळं म्हणाला असता तर काय जीभ झडली असती?”

“वीस वर्षं त्या क्रॅडकच्या मागच्या दारानं पाव पोचवतोय. वीस वर्षं टोपी हातात धरून उभा राहतोय.” जोसायानं गोळा फळीवर आपटला. “एकदा, अरे एकदाच उंचावर उभा राहिलो आणि माझ्या तोंडानं माझं बोललो. तेवढंही करायचं नाही?”

“आणि घर काढून घेतलं तर?”

“तुझ्या दाजींना हेच विचारून विचारून माझा घसा बसलाय,” आतून डोर्कस म्हणाली. “हे म्हणतात, बघू. भट्टी काय कडेवर घेऊन हिंडता येते का, एनॉक?”

जोसायानं दुसरा गोळा मळायला घेतला. एनॉकला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त हेवा वाटला.

बुधवारी मालकांनी प्रूफ वाचून पास केलं आणि ते जेवायला गेले. एनॉक एकटाच होता. त्यानं चौकट सैल केली, चिमट्यानं पेलच्या ओळीतली रेघ उचलली आणि बोटभर डावीकडं, निळ्या रकान्यात बसवली. श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. आपण बहिणीचं घर वाचवलं, असं त्याच्या मनात आलं आणि छाती भरून आली.

पण एनॉक होता जुळारी. अक्षर उलटं असो की सुलटं, त्याच्या नजरेतून सुटत नसे. बेरीज त्यानं जन्मात कधी केली नव्हती. शेवटच्या पानावरची एकूण मतं मालकांनी आधीच जुळवून ठेवली होती, आणि ती मंचावरून जाहीर झाली होती तीच होती. तिकडं त्यानं पाहिलंच नाही.

शुक्रवारी सकाळी तो भट्टीवर पाव घ्यायला गेला. दुकानात चार बायका उभ्या होत्या. पुस्तक आल्यापासून डोर्कसचा चेहरा उजळला होता. जोसायानं ते अजून उघडलंही नव्हतं. तेवढ्यात क्रॅडक आले, पुढच्या दारानं. बायका बाजूला सरल्या.

“पेल, अभिनंदन. तुम्ही निळे निघालात,” ते म्हणाले.

जोसायाचा हात थांबला. “मी?”

“छापलंय तसं. होबीसुद्धा निळाच. पण गंमत बघा, मी काल बसून रेघा मोजल्या. निळ्यांत एक जास्त भरते, पिवळ्यांत एक कमी. म्हणजे एक रेघ खोटी. यादीत कोरे दोघंच.” त्यांनी हातमोज्यावरचं पीठ झटकलं. “तुम्ही संसारी माणूस, शहाणे. होबीचा मुलगा पिवळ्यांची गाणी गात हिंडतो. तेव्हा होबीलाच आज निरोप धाडलाय, पंचवीस मार्चपर्यंत घर मोकळं कर म्हणून.”

म्हातारा होबी मेणबत्त्या करायचा. डोळे जवळजवळ गेलेले. मंचावर त्यानं थरथरत निळ्याचंच नाव घेतलं होतं, आणि घरी जाऊन रडला होता.

जोसायानं एनॉककडं पाहिलं. एनॉकनं मान खाली घातली. एवढ्यावरच जोसायाला सगळं कळलं.

“अहो,” डोर्कस हळूच म्हणाली. “अहो, नका.”

जोसायानं हात पुसले, एप्रन सोडून फळीवर ठेवला आणि मंचावर उभं राहावं तसा ताठ उभा राहिला.

“जोसाया पेल. पुलाची गल्ली. माझं मत बीचिंगसाहेबांना. पिवळ्यांना.”

या वेळी ढोल वाजत नव्हते. चौघी बायकांनी ऐकलं, रस्त्यानं जाणाऱ्यांनीही ऐकलं.

“आभारी आहे,” क्रॅडक म्हणाले. “मग छापणाऱ्याची चूक म्हणायची.”

एनॉकनं तोंड उघडलं. ‘मी केली’, एवढे दोनच शब्द. ते आले नाहीत.

क्रॅडकनी पुस्तक काढलं, पेन्सिलीनं एक रेघ खोडली, दुसरी ओढली. मग एक पाव मागितला, पैसे बरोबर मोजून ठेवले आणि दार हलकेच ओढून घेऊन गेले.

दुकान रिकामं झाल्यावर जोसाया म्हणाला, “मी जन्मात एकच वाक्य बोललो होतो, एनॉक. तू ते खोडलंस.”

“दाजी, मी ताईसाठी...”

“माहीत आहे.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “म्हणून तर तुला मारता येत नाही.”

होबीचं घर राहिलं. मार्चच्या पंचवीस तारखेला पुलाच्या गल्लीत हातगाडी लागली. शेजारी पडद्याआडून बघत होते. बाहेर कुणीच आलं नाही. फळ्या, परात, गादी गाडीवर चढली. भट्टी पहाटेच विझवली होती. विटा अजून कोमट होत्या आणि जोसाया त्यांना हात लावून उभा होता. त्याला कुणी हाक मारली नाही.

डोर्कस शेवटी बाहेर आली. शालीखाली तिनं पावाच्या आंबवणाचं मडकं छातीशी धरलं होतं. सासूपासून चालत आलेलं, एक दिवसही मरू न दिलेलं.

“दे ताई, मी घेतो,” एनॉक पुढं झाला.

“नको.” तिनं शाल आणखी आवळली. “तू राहू दे, एनॉक. याला तुझा हात नको.”

गाडी पुलावर चढली. ती मडकं सांभाळत, पाऊल हलकं टाकत तिच्या मागून गेली.