चष्मेवाल्याचे टायर

दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं दिसतं की हे?" असं विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या सायकलचे दोन टायर निवडायला किती दिवस लागावेत? चष्मेवाल्याला सोळा दिवस झाले होते आणि घोळ काही संपत नव्हता. तेवढ्या दिवसांत त्याने बायकोचं डोकं खाल्लं, गिऱ्हाइकांना टायरबद्दल विचारून हैराण केलं, आणि एका आजोबांना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा नंबर लिहून दिला. गुळगुळीत टायर घ्यावा तर खडीवर घसरणार. दातेरी घ्यावा तर डांबरावर घरघरणार आणि पायांचे तुकडे पडणार. जेवताना मध्येच उठून तो सायकलपाशी जायचा, मागच्या चाकावरून बोट फिरवायचा आणि परत येऊन निवलेली भाजी मुकाट्याने खायचा.

शेवटी बायको म्हणाली, "चला, आज तुमच्या टायरांचा निकालच लावू. मी येते बरोबर."

ती बरोबर येणार म्हटल्यावर तो सायकल परत भिंतीला टेकवू लागला. कारण साधं होतं. तिच्या समजुतीप्रमाणे तो दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचा, आणि तिथवरचा रस्ता डांबरी होता. "शेवटी थोडी खडी लागते," एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. ती थोडी खडी साडेतीन किलोमीटर होती. तिच्या टोकाला एक उतार, आणि उताराच्या तळाशी त्याच्या थोरल्या भावाचं फाटक.

भावाशी तो चार वर्षं बोलला नव्हता. आई गेली तेव्हा हा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "मला वेळेवर कळवलं नाहीस, मुद्दाम कळवलं नाहीस," असं तो सगळ्या नातेवाइकांसमोर दादाला बोलला. दादा सुतार, हातात रंधा असला तरच खुलणारा माणूस. त्याने ऐकून घेतलं. गेल्या वर्षी कपाट आवरताना त्याच दिवशी बंद पडलेला जुना फोन सापडला. चार्जिंगला लावला तर त्या दिवसाचे निरोप एकामागोमाग एक येऊन पडले, सगळे दादाचे. फोन याचाच बंद होता. तेव्हापासून दर रविवारी तो माफी मागायला निघायचा. उतारावर वेग घ्यायचा, म्हणायचा, आज थेट फाटकात. आणि शेवटच्या वळणावर अवसान गळायचं, करकचून ब्रेक लागायचा, मागचं चाक खडीत खर्रर्र करून घसरायचं, आणि स्वारी तोंड फिरवून घरी.

सायकल दुरुस्त करणाऱ्या ताईंचं दुकान म्हणजे जेमतेम एक खोली, आणि छताला टांगलेल्या चाकांखालून वाकूनच आत जावं लागे. ताईंनी सायकल उलटी केली, मागचं चाक हळूहळू फिरवलं आणि विचारलं, "डांबर किती, खडी किती?"

"डांबरच," तो म्हणाला. "म्हणजे... थोडीशी खडी."

ताई हसल्या. "साहेब, मला सांगताय? नुसत्या डांबरावर टायर मधोमध सारखा झिजतो. याच्या कडा बघा, खडीने चिरल्यात. आणि हे सपाट चट्टे? मागचं चाक अडकवून फरफटवलंय तुम्ही. एकदा-दोनदा नाही, कितीतरी वेळा. मोठा उतार आहे का कुठे?"

"उतार?" बायको म्हणाली. "टाकीच्या वाटेवर उतार कुठून आला?"

समोर ओळीने लावलेल्या नटबोल्टच्या पान्यांकडे तो असा बघत राहिला की जणू तेच विकत घ्यायला आला होता. बायकोने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. या भागात खडीचा उतार एकच होता, आणि तिथे ती लग्नानंतर सोळा-सतरा वर्षं दर सुट्टीत गेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने तिथेच पदराने पुसलं आणि ताईंकडे वळली.

"खडीवर न घसरणारा द्या. उतारावरसुद्धा."

ताईंनी मधला मार्ग काढला. टायर मध्ये गुळगुळीत, कडेला दाणे, जुन्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा रुंद. चौकटीत नीट फिरतो ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. "हवा दगडासारखी भरू नका, जरा कमी ठेवा. म्हणजे खडी धरून ठेवेल."

रविवारी बायकोने त्याला काही विचारलं नाही. नेहमीच्या वेळेला न चुकता हाक मात्र मारली.

डांबरावर टायर नुसता सुळसुळत गेला. टाकीपुढे खडी सुरू झाली. काय बोलायचं ते तो मोठ्याने घोकत होता आणि दर वेळी पहिल्याच शब्दाला अडखळत होता. उतार आला, वेग आला, वळण आलं, आणि सवयीने बोटांनी ब्रेक आवळला. चाक घसरलं नाही. टायरने खडी घट्ट धरली आणि सायकल गुपचूप थांबली. फाटक वीस पावलांवर होतं. तो एक पाय टेकून उभा राहिला. परत फिरावं की पुढे व्हावं, हँडल डावीकडे वळवी, उजवीकडे वळवी. स्वतःचीच लाज वाटून त्याला रडू यायला लागलं.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. दादा बाहेर धावत आला, अंगावर लाकडाचा भुसा, पायात एकच चप्पल. याला धडधाकट उभा पाहून तो जागच्या जागी थांबला आणि धापा टाकू लागला.

"आज आवाज आला नाही," दादा म्हणाला. "म्हटलं, पडलास की काय वर कुठे."

"तुला... ऐकू यायचं?"

"वर्षभर ऐकतोय. दर रविवारी चहा दोन कप टाकतो."

"दादा, त्या दिवशी फोन माझाच बंद होता."

"ठाऊक आहे मला. मी बावीस वेळा लावला होता."

दादाच्या नाकावर चार वर्षांपूर्वी यानेच बनवून दिलेला चष्मा होता. एक काडी तुटलेली, तिथे तार गुंडाळलेली, काचा ओरखड्यांनी पांढुरक्या झालेल्या. तो काढून दादाने याच्या हातात ठेवला.

"दुसऱ्याकडे गेलो नाही," तो म्हणाला. "चल आत."