नवऱ्याच्या नावाचं कार्ड

तिला सगळे दातवाली म्हणत, कारण ती कवळ्या बनवायची. वीस वर्षं तिने गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये मेणावर दात रचले, हिरड्यांचा रंग जुळवला आणि शेकडो लोकांना पुन्हा नीट चावायला लावलं. सेहेचाळिसाव्या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या लॅबने तिच्या हातचे चार नमुने पाहिले आणि तीन वर्षांसाठी तिला बोलावून घेतलं. घरी दोनच माणसं, सासूबाई आणि नवरा. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, त्यामुळे घरापासून बाजारापर्यंत तो सगळ्यांचा 'सर' होता.

"जा बिनधास्त," सर म्हणाले, "स्वयंपाकाचं मी बघतो."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण नको म्हणाल्या नाहीत.

परदेशात तिला कामाची अडचण आली नाही. तिथली भाषाही ती वर्षभर शिकवणी लावून शिकून गेली होती. गाडी अडली ती बँकेत.

पहिल्याच आठवड्यात ती खातं उघडायला गेली. काउंटरवरचा तरुण मोठा हसतमुख होता. त्याच्या फॉर्मवर नावासाठी दोनच रकाने होते आणि हिच्याकडे तर तीन शब्द: स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

"हे मधलं कोणाचं?" त्याने विचारलं.

"नवऱ्याचं."

"मग तेच तुमचं कुटुंबाचं नाव!" असं म्हणून त्याने टाइप करून टाकलं.

तसं नसतं हे तिला समजावून सांगायचं होतं. पण मागे रांग मारुतीच्या शेपटीसारखी थेट दारापर्यंत गेली होती आणि शिकवणीतली भाषा ऐन वेळी दगा देऊन बसली होती. तिने मान डोलावली, सही केली आणि बाहेर पडली.

आठ दिवसांनी पाकिटातून कार्ड आलं. त्यावर तिचं नाव, पुढे सरांचं नाव, आणि आडनावाचा पत्ता नाही. तिने ते फोनवर दाखवलं तेव्हा सर खुर्चीतून उठलेच.

"आई, बघ! परदेशात माझ्या नावाचं कार्ड निघालं!"

"मग पैसे तुला मिळणार की तिला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाव माझं, पैसे तिचे. नेहमीसारखंच."

तिघंही पोट धरून हसली. हे हसू पगाराच्या दिवसापर्यंत टिकलं. लॅबने पासपोर्टवरच्या आडनावाने पगार पाठवला, बँकेने नाव जुळत नाही म्हणून तो आल्या पावली परत केला. हिशेब बघणाऱ्या बाईने खांदे उडवले. खोलीचं भाडं सहा दिवसांवर आलं होतं आणि घरून आणलेले पैसे संपत आले होते. त्या दिवशी दातवालीने पहिल्यांदाच एका कवळीला सुळा उलटा बसवला.

हे शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवालीच्या नजरेतून सुटलं नाही. पॉलिशवाली साठी ओलांडलेली, तीही परकी, तिसऱ्याच कुठल्या देशातून वीस वर्षांपूर्वी आलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि यंत्र बंद केलं.

"उद्या सकाळी सुट्टी टाक. मी येते. असतील नसतील ते सगळे कागद घे. लागणार नाहीत तेही घे."

दुसऱ्या दिवशी दोघी काउंटरवर उभ्या राहिल्या. तोच तरुण होता. चूक ऐकून तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "लगेच दुरुस्त करू. पासपोर्ट द्या, आणि अजून एखादा कागद."

तिने पासपोर्ट दिला. मग पदविकेचं प्रमाणपत्र दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"या कोण?"

"मीच. लग्नाआधीची."

"पण इथे पहिलं नावसुद्धा वेगळं आहे."

तिने लग्नाचा दाखला पुढे केला. त्यावरही माहेरचंच नाव.

"या पण तुम्हीच?"

"हो."

"आणि कार्डावरच्या?"

"ती अर्धी मी आहे, अर्धा माझा नवरा."

पॉलिशवाली इतकी मोठ्याने हसली की सगळी रांग वळून बघू लागली. तरुण मात्र घाबरला. एका खात्याला तीन बायका आणि एक पुरुष, असं प्रकरण त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने घाईघाईने काहीतरी बटणं दाबली आणि खाली मान घालून सांगितलं, "चौकशी होईपर्यंत खातं बंद ठेवलंय. नियमच आहे. तुम्ही मॅनेजरबाईंना भेटा."

दुरुस्त करायला आलो आणि असलेलंही घालवून बसलो, असं दातवालीला वाटलं. पॉलिशवालीने दंड धरून तिला आतल्या खोलीत नेलं.

मॅनेजरबाई पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या. त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पहिल्यापासून सांगा. सावकाश."

मग दातवालीने एक कोरा कागद मागून घेतला. त्यावर तीन बायका काढल्या: एक वेणीवाली, एक नवरी, एक आत्ताची चष्मेवाली. प्रत्येकीखाली नाव आणि साल लिहिलं. चित्रं काही सरांसारखी नव्हती, पण मॅनेजरबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे ही नवरी आणि ही चष्मेवाली एकच, हे सांगणारा कागद हवा. आहे?"

होता. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र घरी कुठेतरी होतं. तिने तिथूनच फोन लावला. तिकडे दुपार होती, सर नुकतेच शाळेतून आले होते. त्यांनी कपाट उपसलं, गाद्या उलथ्या केल्या, आणि कागद काही सापडेना. शेवटी सासूबाई आतून आल्या, कपड्यांच्या ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि लेकाच्या हातात ठेवली. "मला विचारायचं नाही असं ठरवलंय का?"

कागदाचा फोटो आला. इंग्रजीत मजकूर, ठसठशीत शिक्का, आणि कोपऱ्यात कागद धरलेला सासूबाईंचा अंगठा. मॅनेजरबाई वाचत असतानाच फोनमधून आवाज आला.

"सूनबाई, त्या बाईंना सांग, नाव मी बदललं. जे काय विचारायचं ते मला विचारा म्हणावं. पण पोरीचा पगार अडवू नका."

तिने शब्दन् शब्द सांगितला. मॅनेजरबाईंनी चष्मा काढला. "त्यांना विचारा, का बदललंत?"

"अहो, माझी लेक त्याच नावाची, तेव्हा घरीच होती. एका हाकेला दोघी ओ द्यायच्या आणि कामाला एकही यायची नाही!"

याचं भाषांतर करताना दातवालीलाच हसू आवरेना. ते पूर्ण झालं तशा मॅनेजरबाई टेबलावर हात ठेवून हसल्या, आणि त्यांनी स्वतः बसून आडनाव जागेवर आणलं. खातं तिथल्या तिथे सुरू झालं. लॅबला फोन करून पगार पुन्हा पाठवायलाही त्यांनीच सांगितलं. काउंटरवरचा तरुण दाराशी येऊन माफी मागून गेला.

निघताना मॅनेजरबाईंनी विचारलं, "बचतीसाठी वेगळं खातं काढायचंय? त्याला मनाला येईल ते नाव देता येतं. ते फक्त तुम्हाला दिसतं."

लग्नानंतरच्या बावीस वर्षांत दातवालीला तिच्या आवडीचं नाव कोणी विचारलं नव्हतं. मग तिने तिचं माहेरचं नाव लिहिलं, नुसतं पहिलं, एका शब्दाचं.

भाडं मुदतीच्या एक दिवस आधी गेलं. पॉलिशवालीने मेजवानी उकळली, दोनदा गोड मागवलं.

रविवारी फोनवर तिने बचतीचं सांगितलं. नावही सांगितलं, जरा भीतभीतच.

"त्यात साठवून काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"भट्टी घेणार आहे, आई. दात भाजायची. परत आले की स्वतःची लॅब काढीन म्हणते."

"केवढी असते ती?"

"आपल्या शिलाई मशीनएवढी. पण बाजूला ओटा लागतो, आणि खिडकी."

"खिडकी मागच्या खोलीला आहे," सासूबाई म्हणाल्या. मग फोन तसाच हातात धरून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली. "अरे, ती तुझी मोजपट्टी घेऊन ये जरा. आणि त्या खोलीतले तुझे रंगाचे डबे कुठे हलवायचे, तेही आजच ठरव."