राजीखुशीची सही

विहिरीला एकोणीस पायऱ्या होत्या आणि रोपवालीचे पाय त्या डोळे मिटूनही ओळखत. तिसरी हलते, नववी निसरडी, बारावीवर बसून चहा प्यायला ऐसपैस जागा. बऱ्या दिवसांत ही बारावी पाण्याखालीच असायची आणि चहा वर काठावर व्हायचा. त्या सकाळी ती दोन डबे घेऊन उतरली ती थेट सतरावीवर पोचली, तेव्हा कुठे पावलांना पाणी लागलं.

"दोनच राहिल्यात गं," ती विहिरीला म्हणाली. "मग तूही रिकामी आणि मीही."

विहिरीशी बोलायची तिला सवय होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, त्याला सोळा वर्षं झाली. माहेरच्या शेताच्या कडेला एक खोली, ही विहीर आणि जाळीच्या मांडवाखाली ट्रेमध्ये ओळीने लावलेली टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं, एवढा तिचा संसार. आसपासचे शेतकरी तिच्याकडूनच रोपं नेत आणि तिचं नाव विसरून तिला रोपवालीच म्हणत. "विहिरीचा हा तुकडा पोरीचा," असं वडील जाण्याआधी चार माणसांदेखत बोलले होते. बोलले होते, लिहिलं नव्हतं. आपण नसलो तरी आपला शब्द घरात राहील, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं.

"ताई! खाली आहेस का?" वरून धाकट्या भावाचा आवाज आला.

"नाही, वर झाडावर बसलेय. हे खाली दिसतंय ते माझं भूत."

तो हसला नाही. ती डबे घेऊन वर येईपर्यंत तो मोटारसायकलवरच बसून राहिला. डबा धरायला हात काही पुढे आला नाही.

"उद्या दहाला तयार राहा. नोंदणी कार्यालयात जायचंय. चिमीची सही आहे, साक्षीदार म्हणून तू हवीस."

चिमी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं.

"कसली सही?"

"तीच गं, तू केलीस तसली. हक्क सोडल्याची. सासरी जाण्याआधी उरकलेलं बरं. शिवाय दुसऱ्या शेततळ्याचा अर्ज भरायचाय, त्याला सगळ्यांच्या सह्या लागतात."

"चिमी हो म्हणाली?"

"तिला काय विचारायचंय? तू समोर असलीस की झालं. आत्याने केली तर मी का नाही, असं म्हणेल ती. तुझा शब्द मानते." त्याने गाडीला किक मारली. "आणि संध्याकाळी दोन पिंपं पाणी पाठवतो हं तुला. तळ्यातलं."

तो उपकार करून गेला. ती ओल्या पावलांनी उभी राहिली.

तिची स्वतःची सही तिला लख्ख आठवत होती. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेततळं व्हावं म्हणून या पंचक्रोशीत सगळ्यात जास्त चपला कुणी झिजवल्या असतील तर तिनेच. बैठकांना बायकांत एकटी जायची, घरोघरी सांगायची की बाबांनो, पावसाचं पाणी अडवून साठवलं तर जमिनीच्या पोटातलं उपसावं लागणार नाही, विहिरी जगतील. भाऊ तिचंच बोलणं तिला परत ऐकवायचा. "ताई, तळं झालं की तुझ्या विहिरीला कुणी हात लावणार नाही. फक्त जमीन माझ्या एकट्याच्या नावावर पाहिजे, नाहीतर अर्ज अडतो." आई शेजारी बसून म्हणाली होती, "दे गं बाई. भावाकडे वाटा मागणारी बहीण बरी दिसते का?"

कार्यालयात कारकुनाने मान वर न करता विचारलं होतं, "राजीखुशीने करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?" ती तोंड उघडणार तेवढ्यात आईच म्हणाली, "छे! दबाव कसला? भाऊ आहे तिचा." कारकुनाने तेच उत्तर टिपून घेतलं आणि शाईचा डबा पुढे सरकवला.

तळं झालं. मशीनने खणलं, आत काळा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, भोवती तारेचं कुंपण घातलं. पहिल्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी वळून आत आलं तेव्हा तिने आनंदाने तिथेच आपले ट्रे धुवायला काढले. साबण लावायचा अवकाश, फेसच फेस! चार बादल्या ओतल्या तरी हाताचा बुळबुळीतपणा जाईना. तिच्या विहिरीचं पाणी जड, त्यात साबण फाटायचा. चिमी आणि ती कोपरापर्यंत फेस घेऊन खिदळत बसल्या होत्या. पावसाचं पाणी असं असतं, हे तिला त्या दिवशी हातांनी कळलं.

गेल्या साली मात्र पावसाने तोंड दाखवून पळ काढला. गावातली सगळी तळी उन्हाळ्याआधीच कोरडी पडली. भावाचं तेवढं काठोकाठ. लोक विचारत तेव्हा तो म्हणे, "कागद चांगल्यातला आहे. थेंब जिरत नाही." आणि रोपवालीसुद्धा तेच सांगत सुटली. आपल्या भावाचा कागद चांगला, याचा तिला केवढा अभिमान!

दुपारी तिने रिकाम्या ट्रेंची चळत हातगाडीवर घातली आणि तळ्यावर गेली. पिंपाच्या पाण्याची वाट बघत बसली असती तर नवं बी पेरायला उशीर झाला असता. कुंपणाची किल्ली घेऊन चिमी आली.

"आत्या, उद्या मी सही करायची म्हणे."

"हं."

"तू केलीस तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं होतं मी फार मोठ्या मनाची आहे," रोपवाली म्हणाली आणि ट्रेवर साबण घासू लागली.

फेस आला नाही.

तिने पुन्हा घासला. पाण्यावर मळकट साय धरली, साबणाचे कण दह्यासारखे फाटून बोटांना चिकटले.

"साबण जुना असेल गं," चिमी म्हणाली.

"आजच काढलाय वेष्टनातून."

तिने ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. जरासं खारट, मागून जिभेवर खडूसारखं काहीतरी राहणारं. या चवीची तिला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. सोळा वर्षं ती हेच पाणी पीत होती. मग तिची नजर काठाकडे गेली. काळ्या कागदावर, पाण्याच्या रेषेला लागून, चुन्यासारखा पांढरा पट्टा चढला होता. तसाच पट्टा तिच्या प्रत्येक ट्रेला होता.

ती उठली आणि काठाने चालत गेली. ओढ्याचं पाणी जिथून आत यायचं तिथे वाळलेलं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. त्यातून वर्षभरात थेंबही आत आलेला नव्हता. पलीकडच्या कोपऱ्यात दगड रचले होते. तिने दोन दगड बाजूला केले. मनगटाएवढा पाइप पाण्यात उतरला होता, आणि दुसरं टोक जमिनीखालून भावाच्या शेडकडे गेलं होतं. तिच्या विहिरीपासून शेड हाकेच्या अंतरावर.

"बोअर आहे का तिथे?"

चिमी गोंधळली. "आहे ना. बाबा म्हणाले, आत्याला सांगितलंय."

"कधी पाडली?"

"आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तुम्ही दोघी दवाखान्यात होतात, तेव्हाच मशीन आलं. दोन दिवस नुसता धुरळा. मी म्हटलं आत्याची रोपं खराब होतील, म्हणून मीच जाळीवर कापड टाकलं."

रोपवाली तिथेच दगडावर बसली. तळ्यात पाणी हलत होतं, छान निळं दिसत होतं. दोन पायऱ्या पाणी उरलेली विहीर मागे ठेवून ती आपल्याच विहिरीच्या काठी येऊन बसली होती, आणि आत जायला किल्ली लागत होती.

आई ओसरीवर उशीचा अभ्रा शिवत होती. लेक समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिने सुईत दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात.

"चांगलं दिसतं आता," लेक म्हणाली.

"देवाची कृपा आणि तुझी सेवा."

"डॉक्टर चौथ्या दिवशी सोडत होते, आई. तू म्हणालीस, अजून धूसर दिसतंय. मी त्यांच्या हातापाया पडून आणखी चार दिवस मागून घेतले."

आईने दोरा ओढला. गाठ मारली. बराच वेळ लावला त्या गाठीला.

"तू इथे असतीस तर मशीनपुढे आडवी पडली असतीस."

"पडले असते."

"मग? गावाने तमाशा बघितला असता."

"आठ दिवस तुझ्या कॉटखाली फरशीवर झोपले गं मी. दर दोन तासांनी तुझ्या डोळ्यांत थेंब टाकत होते. आणि तू त्याच डोळ्यांनी..."

"मला त्याच्या घरात राहायचंय," आई हळूच म्हणाली. त्यात राग नव्हता, लाजही नव्हती. औषधाची वेळ सांगावी तसं सांगितलं तिने. "तुझ्याकडे एक खोली. मी कुठे जाऊ? आणि तू एकटीच काय सोडलंस? माझे तीन भाऊ होते. मला तर कुणी विचारलंही नाही. अंगठा धरला आणि टेकवला."

"म्हणून माझा धरलास?"

आईने अभ्रा उलटा केला आणि दुसरी बाजू शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दहाला रोपवाली तयार होती. जीपमध्ये पुढे भाऊ, मागे आई, चिमी आणि ती. भाऊ खुशीत होता. पाणी पोचलं का, म्हणून त्याने दोनदा विचारलं. "पोचलं," ती म्हणाली. "कुठून आलं तेही पोचलं." इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे.

कारकून तोच होता. पंखाही तोच, वारा सोडून सगळं देणारा. चिमीसमोर कागद सरकवून त्याने मान खाली ठेवूनच विचारलं, "राजीखुशीने करताय ना? दबाव नाही ना कुणाचा?"

"नाही नाही," भाऊ म्हणाला. "घरचीच माणसं आहोत."

"साक्षीदार कोण?"

"माझी बहीण. ताई, ये, इथे कर."

रोपवाली पुढे झाली. पेन हातात न घेता तिने ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, हे काय लिहिलंय?"

"सही आमच्यासमोर, राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय झाली. नेहमीचंच आहे."

"म्हणजे मी हे डोळ्यांनी बघितलं असं होतं?"

"साक्षीदार म्हणजे तेच की हो."

"मग नाही व्हायचं. तुम्ही मुलीला विचारलंत, उत्तर बापाने दिलं. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर मला विचारलंत, उत्तर आईने दिलं. त्या उत्तरावर याने तळं खणलं, आणि मला दवाखान्यात ठेवून बोअर पाडून माझ्या विहिरीचं पाणी त्यात भरलं. पावसाचं म्हणून गावाला दाखवतो. आता दुसरं तळं खणायला दुसरी सही पाहिजे. ही मी बघितलेली गोष्ट. याची साक्ष पाहिजे असेल तर लिहा, करते सही."

बाकावर थांबलेली माणसं टेबलाकडे वळून बघू लागली. भावाचा चेहरा पडला.

"ताई, घरातलं घरात बोलू."

"घरात तू बोअर लपवलीस. आता बोलायला जागा कुठे आहे घरात?"

"बाई, तुमची तक्रार असेल तर वेगळा अर्ज करा," कारकून म्हणाला. पण त्याने मान वर केली होती. कदाचित कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. आणि मान वर केल्यावर समोर चिमीच होती, म्हणून त्याने तिलाच विचारलं. "काय गं? राजीखुशीने?"

चिमीने बापाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. आजी आपल्या स्वच्छ डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत होती.

"नाही," चिमी म्हणाली. "मी सही करणार नाही. बाबा, सही नाही तर लग्न नाही, म्हणालात ना? मोडायचं तर मोडा."

भावाने कागद ओढून घेतले. दारात तो बहिणीला म्हणाला, "आजपासून तुझं माहेर संपलं. लक्षात ठेव. एक थेंब मिळणार नाही."

"ते दवाखान्यातच संपलं होतं रे. मला कळवायला तुला उशीर झाला, एवढंच."

आई जीपपाशी घुटमळली. लेकीने हात पुढे केला. आईने तो पाहिला. नीट पाहिला, आता तिला सगळं नीट दिसत होतं. मग ती पुढच्या सीटवर, मुलाशेजारी जाऊन बसली. धूळ उडाली आणि जीप गेली.

"आत्या, विहीर?" चिमीने विचारलं. "तुझी सही तर झालीय."

"झालीय. ती पुसता येते का ते विचारायला वकिलाकडे जाऊ. सतरावीवर आहे पाणी अजून. एकोणिसावी यायची आहे." तिने चिमीच्या हाताला धरलं. "दुसरं तळं तर थांबलं."

त्या जायला वळल्या, तेवढ्यात आतून कारकुनाची हाक आली, "पुढचे कोण आहेत, या!" बाकावरून तिघं उठले. दोन धडधाकट भाऊ आणि त्यांच्यामध्ये एक बाई, तान्हं मूल कडेवर घेतलेली. एका भावाने तिच्या हातात टोपण काढलेलं पेन आधीच देऊन ठेवलं होतं.

"राजीखुशीने करताय ना?"

"हो हो," थोरला म्हणाला.

रोपवाली उंबऱ्यातून परत फिरली. बाकाच्या कडेला चिमीला बसवलं आणि स्वतः टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"तिला विचारा," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."