मागची सीट

सावळेरामच्या गाडीचं मीटर तिसऱ्यांदा शून्यावर आलं, तेव्हा घोडेगावच्या कुंडलिक मिस्त्रीनं गॅरेजसमोर नारळ फोडला आणि गाडीला झेंडूचा हार घातला. सावळेरामला कुणी हार घातला नाही. त्याला तो नकोही होता. त्याला फक्त कुठंतरी पाठ टेकायची होती.

तीन लाख किलोमीटर म्हणजे काही गंमत नाही. एक्क्याण्णव साली घेतलेली शंभर सीसीची गाडी, सोळा वर्षांत इंजिन दोनदा खोललं, चेनसॉकेट किती बदलली याचा हिशोब कुंडलिकलाही देता आला नसता. पण भर रस्त्यात तिनं धन्याला कधी दगा दिला नाही. तळेघरचा घाट असो नाहीतर आषाढातला चिखल, एका किकमध्ये चालू. माणसाला मात्र कुणी सुटे भाग बनवत नाही. मंचरच्या डॉक्टरांनी सावळेरामच्या पाठीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की मणक्यांतली गादी झिजली आहे, आता मोटारसायकल बंद. गाडी ठणठणीत आणि गाडीवाला भंगारात, असा उलटा न्याय झाला.

सावळेराम राहायला शिनोलीत आणि नोकरीला एका संस्थेत. काम गाई भरवण्याचं. नायट्रोजनच्या कॅनमध्ये वळूचं बीज घेऊन तो वाडी-वाडीला जायचा. जाता जाता जनावरांना लसही टोचायचा, म्हणून लोक त्याला डॉक्टर म्हणत. कॅन जड आणि नाजूक, सांडला तर महिन्याचं काम पाण्यात. म्हणून पहिल्याच वर्षी कुंडलिकनं गाडीची मागची सीट कापून तिथं लोखंडी पिंजरा ठोकून दिला. कॅन त्यात जो बसला तो बसलाच. गाय माजावर आली की ती रविवार बघत नाही, दिवाळी बघत नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत तर मुळीच नाही.

आणखी एक पीडा होती. त्या वाड्यांमधली जनावरं त्याच्या गाडीचा आवाज ओळखायला लागली होती. फटफट ऐकू आली की गाई शेपट्या वर करून रानात, म्हशी ओढ्यात. मग दिवस मावळेपर्यंत सगळी वाडी त्यांच्या मागं. शेवटी लोकांनीच हात जोडले, "डॉक्टर, गाडी तेवढी लांब बंद करीत जावा." तेव्हापासून शेवटचं वळण आलं की सावळेराम इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा आणि कॅनसकट गाडी ढकलत वाडीत शिरायचा. हॉर्न तर त्यानं काढूनच टाकला होता. तीन लाख गाडीनं त्याला वाहिलं खरं, पण त्यानं गाडीला किती वाहिलं ते मोजणारं मीटर कुठल्या कंपनीनं काढलेलं नाही.

या सगळ्यात लंकाबाई कुठं बसली? कुठंच नाही. लंकाबाई म्हणजे सावळेरामची बायको, माहेर निरगुडसर. सावळेरामची गाडी रोज मावळतीला जायची आणि लंकाबाईचं माहेर उगवतीला. सणावाराला ती एस्टीनं जायची, घोडेगावात एक, मंचरात दुसरी, आणि फाट्यापासून पिशवी डोक्यावर घेऊन पायी. दारात पोचली की तिची भावजय सोनीबाई पाण्याचा तांब्या देता देता हसून विचारायची, "वन्सं, गाडी कुटं लावली?" बायका तोंडाला पदर लावायच्या. लंकाबाईही हसायची. पण सोळा वर्षं तोच विनोद ऐकून हसणं सोपं नसतं. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, तिला त्या दारात नवऱ्याच्या गाडीवरून उतरायचं होतं. बाकी तिनं सावळेरामकडं काही मागितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात संस्थेनं नवा माणूस नेमला आणि कॅन परत नेला. गाडी कुंडलिक सोमवारी विकत घेऊन जाणार होता. इंजिन अजून पाच वर्षं कुठल्याही शेतात पंप ओढेल, असं त्याचं म्हणणं. सावळेराम ओसरीत पालथा पडला होता. लंकाबाई त्याच्या पाठीला तेल लावत होती.

"कॅन गेला न्हवं?" ती म्हणाली. "मंग माझी जागा मोकळी झाली."

तिला काय म्हणायचं होतं ते सावळेरामला कळलं.

"डॉक्टर काय म्हनला, तू ऐकलं व्हतंस ना?" तो म्हणाला.

"ऐकलं. तुमची पाठ मला ठावं न्हाई व्हय? रोज तेल कोन लावतं? पर सोमवारी गाडी गेल्यावर मी कशावरनं उतरू?"

शनिवारी त्यानं गाडी कुंडलिककडं नेली. कुंडलिकनं पिंजरा कापून काढला आणि कुठलीतरी जुनी सीट बसवून दिली. "दोन दिवसासाठी कशाला हा खटाटोप, राव?" त्यानं विचारलं. सावळेराम म्हणाला, "तू बसव."

रविवारी सकाळी लंकाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि मागं बसली. बसताना गुडघा कुरकुरला. आधी तिनं सीटच धरली, मग घोडेगावच्या बाजारातून जाताना बेधडक त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सावळेरामला चमत्कारिक वाटलं. सोळा वर्षं त्याच्या पाठीमागं एक थंड पत्र्याचं भांडं होतं. आता तिथून आवाज येत होता, "हळू घ्या", "तो बघा, बंधूचा शेजारी", "अवं, दुखतंय का?" दुखत होतं. प्रत्येक खड्डा कमरेतून डोक्यापर्यंत चढत होता. मंचरला चहाला थांबले तेव्हा खाली उतरायला त्याला टपरीचा खांब धरावा लागला. लंकाबाईनं ते पाहिलं. परत फिरूया, हे शब्द तिच्या ओठावर आले होते. पण ती चहा फुंकत राहिली, आणि स्वतःचा तिला राग आला.

निरगुडसर जवळ आलं. कालव्याच्या भरावावर रस्ता चढतो आणि मग सरळ गावात उतरतो. भरावावर पोचताच घरांची कौलं दिसली, गोठे दिसले, लिंबाखाली बांधलेल्या गाई दिसल्या. आणि सावळेरामच्या हातानं त्याला न विचारता किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. पाय टेकून तो उतरायच्या बेतात होता.

"काय झालं? बंद पडली?" लंकाबाईनं विचारलं.

सावळेराम गाईंकडं बघत राहिला. मग त्याला उमगलं आणि लाज वाटली. "बंद पडली न्हाई गं. मीच बंद केली. गाया दिसल्या न्हवं."

त्यानं किल्ली परत फिरवली आणि किक मारली. गाडी एका किकमध्ये चालू व्हायची, पण ती किक पुरी बसायला हवी ना. अर्ध्यातच त्याच्या कमरेत अशी कळ निघाली की तोंडाला कोरड पडली. हँडलवर डोकं टेकून तो थांबला. गाडीचा काही दोष नव्हता. आज बंद पडला होता तो सावळेराम.

"चालत जाऊ," लंकाबाई हळूच म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. मला सवय हाय."

त्या "सवय हाय"नं सावळेरामला कमरेतल्या कळेपेक्षा जास्त दुखलं. "उतरू नको," तो म्हणाला. "पुढं उतार हाय. धरून बस."

त्यानं पायानं रेटा दिला. गाडी निघाली, आवाज न करता, फक्त चेनची बारीक खटखट. भरावावरून गावात, लिंबाखालून, गाईंच्या जवळून. एकही गाय उठली नाही. पारावरची माणसं पलीकडं तोंड करून बसली होती, त्यांनी मान वळवली नाही. गाडी घरंगळत लंकाबाईच्या भावाच्या, सोमाजीच्या दारात आली आणि थांबली.

दारात कुणीच नव्हतं. सगळे मागच्या अंगणात कांदा निवडायला बसले होते. त्यांचं हसणं-बोलणं पुढं ऐकू येत होतं.

"उतर," सावळेराम म्हणाला.

"न्हाई," लंकाबाई म्हणाली. "कुनीतरी बघू द्या आधी. हॉर्न वाजवा."

"हॉर्न काढलाय मी."

मग लंकाबाईनं मान वर केली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सोमाजी! अरं सोमाजी!"

"आलो आक्का!" मागून भावाचा आवाज आला. "आज येष्टी लवकर आली व्हय?"

"तू भाईर तर ये! आनि सोनीला घिऊन ये!"

कांद्याचे हात पुसत मंडळी यायला वेळ लागला. सावळेराम दोन्ही पाय जमिनीला टेकून गाडी तोलत होता. मांड्या थरथरत होत्या. ते थरथरणं सीटमधून लंकाबाईपर्यंत पोचत होतं. तिचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट होता.

सोमाजी आला. त्याच्यामागं सोनीबाई आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिच्या तोंडून विनोद निघाला नाही. ती म्हणाली, "वन्सं, आवाज कसा आला न्हाई गाडीचा?"

"तुजं भावजी आवाज करीत न्हाईत," लंकाबाई म्हणाली. "गाया उधळत्यात."

मग ती उतरली, सावकाश, गुडघा सांभाळत, हिरवा पदर सावरत, सगळ्यांच्या देखत. सोळा वर्षं मनात ठेवलेलं उतरणं होतं ते, आणि ते झालं. पण तिनं भावजयीकडं बघितलंसुद्धा नाही. ती गाडीच्या पुढं गेली आणि नवऱ्याच्या हातांवर हात ठेवून तिनं हँडल धरलं.

"सोमाजी," ती म्हणाली, "गाडी नंतर बघ. आधी यांना उतरव. यांना उतरता येत न्हाई."