शेवटचा ठोका

मित्रांनो, मी एक जुने गाणे आहे. लगेच गुणगुणू नका, आधी सगळे ऐकून घ्या.

एका लाँड्रीच्या वर, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत, चौघा मित्रांच्या बँडने मला पहिल्यांदा रेकॉर्ड केले. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे ठोक्या म्हणत. माझे अंतरे झकास जमले, शेवट काही जमेना. गायक आणि गिटारवाला हमरीतुमरीवर आले. रेकॉर्डिस्टच्या पोटात कावळे ओरडत होते.

"वाजवत राहा रे," तो म्हणाला. "मी आवाज हळूहळू खाली आणतो."

"आणि गाणं संपणार कुठे?" ठोक्याने विचारले.

"ऐकणाऱ्याच्या कानात!"

सगळे हसले. आवाज विरत गेला. पण मित्रांनो, दिवा मंद केला म्हणून खोलीतली माणसे घरी जातात का?

मी खूप गाजले. सलूनमध्ये, बसमध्ये, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात मीच. पुढे मुलींच्या एका बँडने मला संथ करून गायले आणि तसेच विरवले. त्यांच्या रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन झटकन काढले.

"गाणं विरल्यावरही खाली कुणीतरी ड्रम वाजवतंय."

"माझ्याकडे काय बघताय?" ड्रमवाली म्हणाली. "मी केव्हाची चहा पितेय."

इकडे ठोक्याची बोटे त्या पहिल्या दिवसापासून थांबलीच नव्हती. ती ताटावर वाजत, लेकीला निजवताना तिच्या पाठीवर वाजत. बँडमधले बाकीचे तिघे वारले, हा म्हातारा झाला, तरी बोटे चालूच. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. बोटे बधली नाहीत, आणि बोटांनी त्याला झोपू दिले नाही. टोके सोलून निघाली, त्यांवर पट्ट्या बांधल्या, तर पट्ट्यांतूनही माझाच ठेका.

तेवढ्यात एक नवा बँड मला पुन्हा रेकॉर्ड करतोय, असे लेकीच्या कानावर आले. तिने बापाला चाकाच्या खुर्चीत घातले आणि थेट स्टुडिओ गाठला.

"पोरांनो, एवढं गाणं संपवा. बाबांना झोपायचंय."

"मावशी, हे असंच विरतं. लोकांना तसंच आवडतं."

"लोकांना काय जातंय आवडायला! ही बोटं बघा."

पोरांनी बोटे पाहिली आणि वाद्ये उचलली. शेवट जवळ आला. रेकॉर्डिस्टचा हात सवयीने आवाज कमी करायला सरकला. लेकीने तो वरच्या वर धरला.

"खबरदार!"

पोरे वाजवत राहिली. थांबायचे कुठे, कुणालाच ठाऊक नव्हते. मग ठोक्याने पट्ट्या बांधलेला हात उचलला आणि खुर्चीच्या दांडीवर एकच ठोका मारला.

ठक्.

सगळे थांबले. बोटेही.

"बाबा?" लेक कुजबुजली. "अहो बाबा?"

उत्तर म्हणून ठोक्या चक्क घोरू लागला. ती रडता रडता हसली.

नंतर सगळ्यांनी रेकॉर्डिंग लावून ऐकले. त्या शेवटच्या ठोक्यानंतर शांतता असायला हवी होती. तिथे गाद्यांमागून आल्यासारखे आवाज होते. कुणीतरी गिटार खाली टेकवली. खुर्ची सरकली. एक दमलेला आवाज म्हणाला, "चला, सुटलो एकदाचे!" आणि दार लागले.

त्या स्टुडिओच्या भिंतींना, मित्रांनो, गाद्या नव्हत्या.

मी संपले, तर आता बोलते कसे, असे विचारता? जरा तुमच्या बोटांकडे बघा. केव्हाचा ठेका धरलाय त्यांनी! माझे एवढे ऐका. ती तशीच सोडून उठू नका. आधी एक ठोका मारा, नीट, शेवटचा.