चॉकलेटी पाती

एकशे ऐंशी अंश, बावीस मिनिटं.

कूलरच्या चाळीस जाळ्या.

"हळदीकुंकवाचं वाण हाय का हे?"

लाकडातून वीज वाहत नाही. शाळेच्या पुस्तकात आहे.

रविवार, सकाळी आठ.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर कसं येऊन पडलं हे सांगायचं तर श्रीधरपासून सुरुवात करावी लागेल, आणि श्रीधरपासून म्हणजे पावडर कोटिंगपासून. लोखंडावर विजेच्या जोरावर रंगाची पावडर चिकटवायची आणि भट्टीत भाजून पक्की करायची. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्या विभागाचा तो सुपरवायझर. पुंडलिकनगरच्या घरात फाटक, झोपाळा, चपलांचा स्टँड, जे जे म्हणून लोखंडी होतं ते त्यानं भट्टीतून काढून आणलं होतं. जेवताना तो यावरच बोलायचा. कालिंदी सत्तावीस वर्षं ऐकत होती.

कालिंदी त्याची बायको. पन्नाशी ओलांडल्यावर ती धनुष्यबाण शिकायला लागली. "हे काय वय आहे?" असं श्रीधर एकदाच बोलून गेला आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून दोन वर्षं दर रविवारी मैदानावर पाण्याची बाटली धरून उभा राहत होता.

तिचं धनुष्य जुन्या पद्धतीचं, लाकडी. मुठीच्या वर-खाली वाकणारी दोन पाती स्क्रू काढून सुटी करता येतात. ही पाती होती राणी कलरची. दुकानात तेवढीच उरली होती. जिल्ह्याच्या संघात एकच जागा शिल्लक, रविवारी निवड. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या वच्छलाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कालिंदीताई, हळदीकुंकवाचं वाण हाय का हे?"

कालिंदी हसली. पण पुढचे सहाही बाण निशाणाच्या कडेला, पांढऱ्यात गेले.

"रंगाचं माझ्यावर सोड," श्रीधर म्हणाला. दोन वर्षांत बाटलीपेक्षा मोठं काही पहिल्यांदाच त्याच्या हाती आलं होतं.

जॉब: पाती. नग: दोन. रंग: चॉकलेटी. ग्राहक: घरचं.

"साहेब, हे लाकूड हाय," भट्टी सांभाळणारा फकिरा म्हणाला.

"दिसतंय मला."

"पावडर धरायचं नाय ते. करंटच जात नाय."

"आधी तापवू. तापलं की धरतं. लाकडी दारांना करतात की."

"दारातून बाण मारायचा नसतो, साहेब."

"फकिरा, तीस वर्षं मी या भट्टीवर..."

"व्हय, व्हय. टांगतो."

कूलरच्या जाळ्यांमध्ये लटकत पाती आत गेली. बाहेर आली तेव्हा फकिरानंही टोपी मागं सरकवली. "फिनिश एक नंबर, साहेब."

फक्त एवढंच, की ही पाती पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेली असतात, आणि त्यांच्यातल्या गोंदाला एकशे ऐंशी अंश सोसतील का, हे कुणी विचारलं नव्हतं. पट्ट्या वेफरच्या बिस्किटासारख्या सुटल्या होत्या. टोकांची वळणं सरळ झाली होती.

"फूटपट्टी झाली," फकिरा म्हणाला. "आकडे टाकू का वरून?"

श्रीधरनं दोन दिवस गोंद लावून, टोकं पुन्हा वाकवून, शिकंजे आवळून पट्ट्या एकत्र नांदवल्या. शनिवारी संध्याकाळी कालिंदीनं पाती मुठीला जोडली, गालाशी धरून पाहिली आणि लगेच वच्छलाबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"बघा आता!"

"लई झाक दिसतंय हो. दोरी चढवून दाखवा की."

कालिंदीनं दोरी घेतली.

"थांब!" श्रीधर ओरडला. "रंग ओला आहे."

इथं जरा थांबू. सत्तावीस वर्षं एखाद्यानं बायकोला रोज एकच गोष्ट शिकवावी आणि नेमक्या त्याच गोष्टीवर तिच्याशी खोटं बोलावं, याला काय म्हणायचं?

"ओला कसा असेल?" कालिंदीनं बोट फिरवलं. "ही तर पावडर. आपल्या फाटकासारखीच लागतेय हाताला. भट्टीतून निघाली की कोरडी, तुम्हीच सांगता आमटी गार होईस्तोवर." मग तिचं बोट थांबलं. "अहो. भट्टीतून?"

श्रीधर छताकडे बघू लागला.

"माझं धनुष्य भट्टीत घातलंत?"

"एकशे ऐंशीलाच," तो म्हणाला. "दोनशेला नाही."

तिनं पात्यावर टिचकी मारली. एक पट्टी सुटून चपलांच्या स्टँडवर पडली.

मोबाइलमध्ये वच्छलाबाई आधी पदर तोंडात कोंबून हसल्या. मग कालिंदीनं डोळे पुसले, तसा त्यांनी पदर सोडला.

"ओ ताई, रडू नका. माझी जुनी पाती हायेत माळ्यावर. दुकान एकच, बसतील. पण हरल्या तर पात्यावर ढकलायचं नाय. अन् भाऊजींच्या हातात तर अजिबात देऊ नका."

रविवारी आठ वाजता वच्छलाबाईंनी गोणपाटातून पाती काढली. पोपटी होती. मधोमध पिवळा पट्टा.

त्या पात्यांनी कालिंदीनं छत्तीस बाण मारले. पांढऱ्यात एकही नाही. दोन गुणांनी जागा तिची झाली. वच्छलाबाई फणकाऱ्यानं निघाल्या, रस्त्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"राज्याच्या स्पर्धेला जाताना घेऊन जा ती पाती. माझ्या नावानं दोन बाण जास्त मारा तिथं."

श्रीधरनं पोपटी रंगाकडे बघून तोंड उघडलं.

"एक शब्द नाही," कालिंदी म्हणाली.

निवडीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी, तो राणी कलरची पाती कारखान्यात न्यायला टॉवेलात गुंडाळत असताना, ती म्हणाली होती, "राहू द्या हो, रविवार होऊ दे, मग बघू."